उंचीत बाद झालेलं शिंगरू : नॉर्दर्न डान्सरचं प्रकरण

१९६२ साली कॅनडातल्या विंडफील्ड्स फार्मवर वर्षभराच्या शिंगरांची वार्षिक विक्री भरली. मालक ई. पी. टेलर यांची पद्धत निराळी होती. लिलाव नाही, बोली नाही. प्रत्येक शिंगरावर ठरलेली किंमत, पसंत पडेल ते न्यावं. निम्मी खपली की विक्री बंद, आणि उरलेली टेलर स्वतःची म्हणून शर्यतीत पळवणार. त्या वर्षी एका कुमाईत, म्हणजे तपकिरी अंगाच्या, शिंगराची किंमत होती २५,००० डॉलर. कपाळावर पांढरा पट्टा, तीन पाय खाली पांढरे, बाप निआर्क्टिक, आई नताल्मा. कोणीच घेतलं नाही. कारण एकच, ते फार बुटकं होतं.

पुढे याच घोड्याने केंटकी डर्बीचा विक्रम केला आणि थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची, तिच्या रक्ताची, विसाव्या शतकातली दिशा बदलली. ही कथा रेसच्या वर्तुळात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी ती इथे प्रकरण म्हणून सविस्तर मांडतो आहे, कारण पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, घोडे तपासताना मला ‘छोटा आहे, नको’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. आणि कागदावर मोठं नाव दिसलं की त्याच तोंडून ‘रक्त बघा की’ हेही ऐकू येतं. नॉर्दर्न डान्सरच्या बाबतीत बाजार आधी पहिल्या वाक्याने फसला आणि वीस वर्षांनी दुसऱ्याने.

आधी बुटकेपणाचं कारण बघू. आई नताल्मा चांगली पळत होती. १९६० मध्ये केंटकी ओक्स या माद्यांच्या मोठ्या शर्यतीच्या तोंडावर तिच्या गुडघ्याच्या हाडाचा कपचा उडाला आणि शर्यती संपल्या. तोवर वीण-मोसम जवळपास सरला होता. थरोब्रेडच्या बाबतीत उत्तर गोलार्धात प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, आपल्याकडेही तसंच. त्यामुळे नराला उशिरा दाखवलेली घोडी म्हणजे कागदोपत्री समवयस्कांच्या मागे पडणारं पोर. शहाणा माणूस पुढच्या वर्षाची वाट बघतो. टेलर यांनी थांबायचं नाकारलं आणि तिला आपल्याच नव्या नराकडे, निआर्क्टिककडे पाठवलं. शिंगरू जन्मलं २७ मे १९६१ ला. म्हणजे विक्रीत शेजारी उभ्या असलेल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पोरांपेक्षा ते तीन-चार महिन्यांनी लहान होतं. खरेदीदारांनी उंची बघितली, जन्मतारीख बघितली नाही. ती बघितली असती तरी घोडा लहानच दिसला असता हे खरं, कारण पूर्ण वाढ झाल्यावरही तो १५.२ हँडच्या आसपासच राहिला. म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापाशी साधारण १५७ सेंटिमीटर. पण तेव्हा ज्या कमतरतेला सगळे बोट दाखवत होते, तिच्यातला बराच भाग निव्वळ कॅलेंडरचा होता.

ट्रेनर होरासिओ लुरो यांच्या हाती आल्यावर त्याचा स्वभाव कळला. तापट, चावरा, स्वारालाच अंगावरून उडवणारा. लुरो यांनी त्याला खच्ची करावं असा आग्रह धरला. वाईट स्वभावाच्या नरावर हा नेहमीचा इलाज आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पुण्यातही दर मोसमाला किती तरी नर खच्ची होतात, बहुतेकांचं भलंच होतं, मन शर्यतीत लागतं. टेलर यांनी नकार दिला. या एका नकाराचं मोल पुढे करोडो डॉलरमध्ये मोजलं गेलं, पण त्या दिवशी तो नकार म्हणजे एका बुटक्या, न खपलेल्या, त्रासदायक घोड्याबद्दलचा मालकाचा हट्ट होता. भविष्य दिसलं म्हणून टेलर अडले असं मला वाटत नाही. शिंगरू आपलं आहे, आईबाप आपले आहेत, थोडा धीर धरू, एवढंच त्यात होतं. पैदास करणाऱ्याला हा धीर लागतोच.

ऑगस्ट १९६३ मध्ये फोर्ट इरीला तो पहिल्यांदा पळाला आणि सहज जिंकला. त्या वर्षी ९ शर्यती, ७ विजय. आणि मग खूर फाटला.

या भागापाशी मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण घोड्याचं करिअर बहुतेक वेळा इथेच ठरतं आणि शर्यतीच्या बातमीत याची ओळही नसते. खुराच्या बाजूची भिंत, टाचेच्या जरा पुढे, सगळ्यात पातळ असते. तिथे वरच्या केसांच्या कडेपासून खाली उभी भेग गेली की तिला क्वार्टर क्रॅक म्हणतात. घोडा पाय टेकवतो तेव्हा टाच किंचित फाकते, उचलतो तेव्हा मिटते. म्हणजे प्रत्येक पावलाला भेग उघडते, मिटते आणि आतला जिवंत भाग चिमटीत सापडतो. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तोही वरून खाली. म्हणजे भेग ‘भरत’ नाही. वरून नवा, अखंड खूर उतरावा लागतो आणि जुना फाटका भाग झिजून जावा लागतो. त्याला कित्येक महिने जातात. क्लासिक म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या सर्वांत मानाच्या शर्यती, त्या घोड्याला आयुष्यात एकदाच मिळतात, महिने वाया घालवायला त्याच्याकडे नसतात.

पुण्याच्या मोसमात, पावसाळ्यात, ही तक्रार मला बरीच बघायला मिळते. खूर ओलाव्याने मऊ होतो, दोन दिवस ऊन पडलं की कडक होतो, पुन्हा भिजतो. एका सकाळी अशाच घोडीचा पाय गुडघ्यात धरून बसलेल्या नालबंदाला मी विचारलं, “काका, लगेच भरायची का भेग?” ते कानस बाजूला ठेवून म्हणाले, “नाही डॉक्टरसाहेब, आधी तिचं हलणं बंद करू. हलती भेग भरली तर रात्रीतून पॅच निघून येईल.” मग त्यांनी टाचेचा भार कमी करायला भेगेमागचा खूर खालून थोडा तासला, बार नाल बसवली, म्हणजे मागून आडव्या पट्टीने बंद असलेली नाल, आणि घोडीला चालवून बघितलं. भेगेची कड बोटाने दाबून, पुन्हा चालवून, पुन्हा दाबून. आज आपल्याकडे तारेने शिवून वर रेझिन भरायची सोय आहे. तरी क्रम तोच, आधी स्थिर करा, मग बुजवा.

नॉर्दर्न डान्सरच्या वेळी हा क्रम असाच पाळला गेला. भेग असताना बार नाल लावून तो न्यूयॉर्कमध्ये रेमसन स्टेक्स पळाला आणि जिंकला. मग कॅलिफोर्नियाचा बिल बेन नावाचा नालबंद बोलावला गेला. त्याच्याकडे नवीन तंत्र होतं, भेगेवर रबराचा तुकडा उष्णतेने पक्का चिकटवायचा, टायरला पंक्चर काढताना लावतात तसा. पॅच टिकला. हा एक माणूस मिळाला नसता तर १९६४ चा वसंत घोड्याने तबेल्यात काढला असता, आणि मग पुढचं काहीच झालं नसतं. घोड्यांच्या इतिहासात जॉकीचं नाव राहतं, ट्रेनरचं राहतं, मालकाचं तर राहतंच. नालबंदाचं राहत नाही. म्हणून बेनचं नाव इथे मुद्दाम लिहितो आहे.

पुढचं थोडक्यात. फ्लोरिडात त्याने फ्लेमिंगो स्टेक्स आणि फ्लोरिडा डर्बी जिंकली. दोन्हींत वर जॉकी होता बिल शूमेकर. पण केंटकी डर्बीसाठी शूमेकरने हिल राइज हा उंचापुरा घोडा निवडला. उंचीच्या बाबतीत एवढा मुरलेला माणूसही बाजाराच्याच बाजूने गेला. नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक बसला. २ मे १९६४ ला सव्वा मैलाची, म्हणजे साधारण २,००० मीटरची ती शर्यत त्याने हिल राइजला मानेच्या अंतराने हरवून जिंकली. वेळ बरोबर दोन मिनिटं. हा विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने मोडेपर्यंत टिकला. जुनं चित्रण बघितलं तर उंचीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. हिल राइजची ढांग लांब, पण तिला वेग पकडायला वेळ लागतो. नॉर्दर्न डान्सर आखूड, झपझप पावलं टाकत क्षणात मोकळ्या जागेत शिरतो, आणि हिल राइज वेगात येईपर्यंत हा पुढे निघून गेलेला असतो.

दोन आठवड्यांनी दुसरी क्लासिक, प्रीकनेस, हीही त्याचीच. तिसऱ्या, दीड मैलाच्या बेलमाँटमध्ये मात्र तो तिसरा आला. मायदेशी क्वीन्स प्लेट ही मानाची शर्यत सात घोडालांबींहून जास्त फरकाने जिंकली, आणि मग पायाचा स्नायुबंध सुजला. एकूण १८ शर्यती, १४ विजय, २ वेळा दुसरा, २ वेळा तिसरा. चौथा कधीच नाही.

१९६५ मध्ये तो विंडफील्ड्सवर नर म्हणून उभा राहिला. घोडी दाखवण्याचं शुल्क १०,००० डॉलर.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला परवानगी नाही. घोडी नराकडे आणावी लागते, संयोग नैसर्गिकच व्हावा लागतो, नाहीतर शिंगराची नोंदणी होत नाही. त्यामुळे त्याची उंची खऱ्या अर्थाने आडवी आली ती फक्त इथे. उंच माद्यांपाशी तो पोचेना, म्हणून त्याच्यासाठी जमिनीला उंचवटा करावा लागला. बाकी सगळं त्याने सोपं केलं. आणि त्याच्या पोरांनी उंचीचा हिशेबच पार उधळून लावला. फ्लेमिंग पेज या घोडीपासून झालेला निजिन्स्की चांगला धिप्पाड निघाला. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन खरं तर दुसरंच एक शिंगरू बघायला कॅनडाला गेले होते. ते पसंत पडलं नाही, आणि नजर निजिन्स्कीवर गेली. १९६८ मध्ये ८४,००० डॉलरला घेतलेल्या या घोड्याने १९७० मध्ये २००० गिनीज, एप्सम डर्बी आणि सेंट लेजर, इंग्लंडचा तिहेरी मुकुट जिंकला. १९३५ नंतर तो पहिला आणि आजवर शेवटचा. बापाला दीड मैल जड गेलं होतं, मुलाने त्याहून लांबचं सेंट लेजर मारलं. ज्यांनी बेलमाँटच्या निकालावरून ‘याच्या रक्तात दम नाही’ म्हटलं असेल, त्यांना हे उत्तर सहा वर्षांनी मिळालं.

त्यानंतर युरोपातल्या मोठ्या खरेदीदारांचा मोहरा विंडफील्ड्सकडे वळला. त्याचा आणखी एक मुलगा, द मिन्स्ट्रेल, याने १९७७ ची एप्सम डर्बी जिंकली. १९८४ च्या डर्बीत सीक्रेटो आणि एल ग्रान सेन्योर यांच्यात अगदी नाकाएवढा फरक राहिला. पहिला आणि दुसरा, दोघेही नॉर्दर्न डान्सरचीच मुलं. तेवीस वर्षांत त्याला झाली साडेसहाशेच्या आत शिंगरं, त्यातली १४० हून अधिक स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यतींची, विजेती. चांगल्या नराला दहा टक्के स्टेक्स विजेते झाले तरी लोक खूश असतात, याचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय तेव्हा मोसमाला एका नराकडे चाळीसेक घोड्या जात. आज लोकप्रिय नराकडे दीडशेच्या वर जातात. म्हणजे थोड्या पोरांत हे साधलेलं आहे.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने यामागचं एक कारण दाखवलं. स्नायूंच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचं एक रूप घोड्याला वेगवान, लवकर तयार होणारं शरीर देतं. ते रूप सुमारे ३०० वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या एका घोडीपासून या जातीत आलं आणि अलीकडच्या काळात जगभर पसरलं ते निआर्क्टिक आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर यांच्यामार्फत. एका जनुकाने घोडा होत नाही, पण विक्रीच्या रांगेत उभं असताना ते कोणाला दिसणारही नव्हतं.

आता बाजाराची दुसरी चूक. १९८३ मध्ये केंटकीतल्या कीनलँडच्या लिलावात नॉर्दर्न डान्सरचं एक शिंगरू शेख मोहम्मद यांनी १ कोटी २ लाख डॉलरला घेतलं. नाव ठेवलं स्नाफी डान्सर. ते इतकं संथ निघालं की शर्यतीत उतरवलंच नाही. स्टडवर पाठवलं तर तिथेही जवळजवळ वांझ ठरलं, आयुष्यात चारच शिंगरं झाली. तरी किमती थांबल्या नाहीत. १९८४ मध्ये नॉर्दर्न डान्सरच्या १२ शिंगरांची सरासरी गेली ३४ लाख डॉलरच्या वर. त्याच्याकडे घोडी दाखवण्याचं शुल्क दहा लाख डॉलरपर्यंत चढलं, तेही घोडी गाभण राहील याची हमी न देता. १९६२ मध्ये २५,००० द्यायला कोणी तयार नव्हतं, कारण लोकांनी फक्त शरीर बघितलं. १९८३ मध्ये एक कोटी दिले गेले ते मुख्यतः कागदावरच्या नावाला. दोन्ही वेळा समोरचा घोडा प्रत्यक्ष काय करतो ते कळायला वाव नव्हता हे मान्य. वर्षाच्या शिंगरावर पैसे लावणं हा जुगारच आहे. पण रक्कम मोठी झाली की खात्रीही मोठी झाली असं वाटू लागतं, आणि घातक आहे ते तेच.

नॉर्दर्न डान्सर १९८७ मध्ये निवृत्त झाला आणि १६ नोव्हेंबर १९९० ला गेला. ओशावाला, जिथे जन्मला त्याच फार्मवर त्याला पुरलं.

भारतात हे रक्त जोरात आलं ते रझीनमुळे. नॉर्दर्न डान्सरचा १९८७ चा मुलगा, हेन्री सेसिल यांच्याकडे तयार झालेला, १९९० च्या एप्सम डर्बीचा फेव्हरिट. आला चौदावा. इंग्लंडने त्याच्यावर फुली मारली. तो दिल्लीजवळच्या उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं भारताचा अव्वल नर राहिला. पुणे, मुंबई, बंगळुरूच्या रेसकार्डांवर आईच्या बाजूला त्याचं नाव आजही सापडतं. बापाने जी शिकवण दिली तीच मुलाने इथे परत दिली, आणि आपण ती त्याच चुकीच्या पद्धतीने शिकलो. रझीन चालला म्हणताच सगळ्यांना रझीनच्या घोड्या हव्या झाल्या, आणि त्यांच्यावर आणायला नर कोणाच्या वंशातले? पुन्हा नॉर्दर्न डान्सरच्याच. त्याच उषा स्टडवर नंतर मल्टिडायमेन्शनल उभा राहिला. तो डेनहिलचा मुलगा, डेनहिल डॅन्झिगचा, डॅन्झिग नॉर्दर्न डान्सरचा. शिवाय डेनहिलच्या आईची आजी तीच नताल्मा.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका तरुण मालकाने आपल्या घोडीचा कागद माझ्यापुढे ठेवला. “सर, हिच्यावर फ्रँकेलच्या एखाद्या मुलाचा विचार करतोय. कसं वाटतं?” घोडीचा बाप मल्टिडायमेन्शनल, आईचा बाप रझीन. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. घोडी स्वतःच नॉर्दर्न डान्सरवर ४ × ३, म्हणजे बापाकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत. या एका दुव्याने तिचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचं माप, दीड टक्का होतो, नताल्माचा वेगळा दुवा धरला की दोनच्या जवळ जातो. तेवढ्याने घाबरण्याचं कारण नाही. पण फ्रँकेल हा गॅलिलिओचा मुलगा, गॅलिलिओ सॅडलर्स वेल्सचा, तो नॉर्दर्न डान्सरचा. आणि फ्रँकेलची आई डेनहिलची मुलगी. होणाऱ्या शिंगराच्या कागदावर डेनहिल ४ × ३ आणि नॉर्दर्न डान्सर चार ठिकाणी आला असता, पाचव्या, सहाव्या, पुन्हा पाचव्या आणि चौथ्या पिढीत. रक्ताचा जवळपास सातवा हिस्सा एकाच घोड्याचा.

“पण सर, सगळे मोठे घोडे असेच आहेत की.” त्याचं म्हणणं खरं होतं. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातल्या सुमारे दहा हजार थरोब्रेडच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९७ टक्के वंशावळींत नॉर्दर्न डान्सर सापडला आणि जातीतलं अंतःप्रजनन वाढत चालल्याचं दिसलं. म्हणूनच मी त्याला नाव टाळा असं सांगितलं नाही, ते आता शक्यच नाही. अडचण डेनहिलच्या ४ × ३ ची होती, कारण तो दुवा जवळचा आहे, आणि या घोडीच्या पाठच्या दोन भावंडांचे पुढचे पाय नाजूक निघाले होते. तीच कमजोरी दोन्हीकडून आली तर शिंगरू कागदावर देखणं आणि ट्रॅकवर लंगडं होणार. रेतन मागवता येत नाही, नर इथे उभा असायला हवा, त्यामुळे भारतात निवड मुळात तोकडी. आम्ही उभ्या असलेल्या नरांची यादी काढली, डेनहिल असलेले सगळे खोडले, नॉर्दर्न डान्सर पाचव्या पिढीच्या आत एकदाच असलेले ठेवले. तीन उरले. त्यातला एक १५.३ हँडचा होता, मालकाला तो जरा छोटा वाटला. मी त्याला म्हटलं, आधी फार्मवर जाऊन त्याचे खूर आणि पुढचे गुडघे बघून ये, चालताना मागून आणि पुढून बघ, त्याची पोरं दोन वर्षांची असताना किती वेळा पळाली ते विचार, मग उंची बोलू. घोडी फेब्रुवारीत त्याच नराकडे गेली.